खार गॅलरीत येते, तिला काय द्यावं आणि किती?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. तिसऱ्या मजल्यावरच्या तुमच्या गॅलरीत दोन महिन्यांपासून एक खार येते. आई तिच्यासाठी उरलेला भात आणि खारे शेंगदाणे ठेवतात. तुमच्या मुलाला तिला हातावर खायला घालायचंय. शेजारी केबल कुरतडल्याची तक्रार करताहेत. आणि आता तिनं एसीच्या बाहेरच्या युनिटमागे काथ्या-कापूस नेऊन घरटं केलंय, ते काढावं का, हेही विचारलंय तुम्ही.

सांगलीतल्या आमच्या घराच्या परसात एक नारळ, दोन पेरू आणि कुंपणाला लागून एक उंबर आहे. तिथल्या खारी मी बावीस वर्षं बघते आहे. मधली नऊ वर्षं घरट्यातून पडलेली पिल्लंही माझ्याकडे यायची. ती वाढवली आणि सोडली. त्या अनुभवावरून सांगते.

खारे शेंगदाणे आजपासून बंद करा. फरसाण, वेफर्स, बिस्किटं, पोळीचे तुकडे, मीठ घातलेला भात हे सगळंच बंद. खार हे खाते, आवडीनं खाते, पण ते तिला चालतं असा त्याचा अर्थ नाही. आपल्या घराभोवतीची खार जेमतेम शंभर ग्रॅम वजनाची असते. म्हणजे एका मध्यम कांद्याएवढी. आई मूठभर दाणे ठेवत असतील तर ते साधारण तीस ग्रॅम होतात. साठ किलोच्या माणसापुढे अठरा किलो दाणे ठेवण्यासारखं झालं हे. ती सगळे एका बैठकीत खात नाही हे खरं, पण दिवसभरात चार फेऱ्या मारून संपवते आणि मग झाडाकडे बघतही नाही.

मी काय देते ते सांगते. टरफलासकट, न भाजलेल्या भुईमुगाच्या शेंगा, एका खारीला दिवसाआड तीन किंवा चार. टरफलासकट का, तर सोलायला वेळ लागतो आणि दातांना काम मिळतं. खारीचे पुढचे दात आयुष्यभर वाढत राहतात. ते झिजवत राहणं ही तिची गरज आहे. शेंगा घेताना फोडून बघाव्यात. हिरवट-काळी बुरशी दिसली किंवा खवट वास आला तर सगळी पिशवी टाकून द्यायची. त्या बुरशीतलं विष यकृताला मारतं आणि एवढ्याशा जिवाला त्याचा फार थोडा अंशही पुरतो.

पण नुसत्या शेंगांवरही ठेवू नका. दाण्यात फॉस्फरस भरपूर आणि कॅल्शियम कमी असतं. सूर्यफुलाच्या बियांचंही तेच. रोज फक्त तेच खाणाऱ्या खारीची हाडं ठिसूळ होतात. एकदा माझ्याकडे एक पिल्लू आलं होतं. कुणीतरी प्रेमानं दीड महिना फक्त दाण्याच्या कुटावर वाढवलेलं. त्याला मागचे पाय उचलता येत नव्हते. म्हणून एखाद्या दिवशी पेरूची फोड, एखाद्या दिवशी काकडी किंवा गाजराचा तुकडा, कधी ओल्या खोबऱ्याची कातळी, कधी भिजवलेले चार हरभरे, हंगामात मक्याच्या कणसाचं बोटभर टोक. बाजरीचं अख्खं कणीस मिळालं तर गॅलरीच्या गजाला सुतळीनं बांधा आणि बाजूला बसा. अर्धा तास कसा गेला कळणार नाही. जे उरेल ते संध्याकाळी उचलायचं. रात्रभर राहिलं की उंदीर-घुशी येतात, आणि मग तक्रार खारीच्या नावावर जाते.

शेंग खाताना तिला एकदा अगदी जवळून, पण काचेआडून बघा. ती शेंग दोन्ही हातांत आडवी धरते. हात म्हणते, कारण त्या वेळी ते हातच असतात. पुढच्या पंजाला चार बोटं, अंगठ्याच्या जागी नुसता उंचवटा, आणि त्या उंचवट्यांच्या आणि बोटांच्या मध्ये शेंग घट्ट बसते. आधी ती शेंग दोन-तीनदा फिरवते, नाकाशी नेते. हलकी, पोचट शेंग असेल तर न फोडताच टाकून देते. हे मी मुद्दाम पोचट शेंगा मिसळून कितीदा पाहिलंय. ती वजनावरून ओळखते की वासावरून ते सांगता येणार नाही, पण चुकते फार क्वचित. मग टोकाला दात लावते, टरफलाचे कपचे उडतात, दाणा बाहेर येतो. आणि इथे बघा: दाणा लगेच तोंडात जात नाही. ती तो गोल गोल फिरवत वरचं लाल सालपट काढते. सालपटाचे बारीक तुकडे तिच्या पोटावर, मिशांवर पडतात. ते झाल्यावर मग खायला सुरुवात. आमच्या आजी दाणे असेच सोलायच्या, सुपात घेऊन, एक-एक. त्यांना खार दाखवली की म्हणायच्या, बघ, बाई कशी नीटस आहे.

आता हातावर खायला घालण्याबद्दल. मुलाची इच्छा मी समजू शकते, कारण मीही तेच केलंय. बारा-तेरा वर्षांपूर्वी आमच्याकडे एक मादी यायची, शेपटीचं टोक तुटलेली. तिला मी पायरीवर शेंग ठेवायला लागले, मग पायाशी, मग गुडघ्यावर. तीन महिन्यांत ती माझ्या तळहातावर बसून खाऊ लागली. तिची नखं अजून आठवतात, सुईसारखी, पण टोचायची नाहीत. ती वजन इतकं हलकं टाकायची. सकाळी दार उघडायच्या आधीच ती पायरीवर येऊन बसलेली असायची. मला त्याचं भारी कौतुक होतं, पाहुण्यांना बोलावून दाखवायचे. एका सकाळी दार उघडायला मला वीस मिनिटं उशीर झाला. पायरीवर शेपटी तेवढी होती. गल्लीतला बोका आठवडाभर कुंड्यांमागे दबा धरून बसत होता, हे शेजारणीनं नंतर सांगितलं.

बोक्यावर मी रागावले नाही. त्या खारीला रोज एकाच वेळी, एकाच जागी, जमिनीवर, माणसाची वाट बघत बसायला मीच शिकवलं होतं. झाडावरची खार असं कधीच बसत नाही. त्या दिवसापासून मी हातावर खायला देणं सोडलं, आणि कुणी विचारलं तर हीच गोष्ट सांगते. मुलालाही सांगा. लहान मुलांना हे आपल्यापेक्षा लवकर पटतं, असा माझा अनुभव आहे.

शिवाय खार चावते. रागानं नाही, बोटाला शेंगेचा वास येतो म्हणून. दात खोल जातात. चावलीच तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणानं पंधरा मिनिटं धुवायची आणि त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवायचं. धनुर्वाताचं इंजेक्शन आणि बाकी काय लागेल ते त्यांना ठरवू द्या.

मग खाणं ठेवायचं कुठं? उंचावर. जिथे मांजराला उडी मारून पोचता येणार नाही आणि खारीला मात्र पळायला दोन वाटा असतील अशा जागी. गॅलरीत असाल तर कठड्याच्या त्या कोपऱ्यात, जिथे पाइप किंवा फांदी जवळ आहे. ठेवायची वेळ रोज थोडी बदला, एखादा दिवस चुकवा. दोन खारी येत असतील तर खाणं दोन ठिकाणी ठेवा, हात-दोन हात अंतरावर. त्या वाटून खात नाहीत. एकीनं दुसरीला हाकलण्यातच सकाळ जाते. आणि तुम्ही दाराआड बसा. खाऊ हे खारीला दिलेलं आमंत्रण आहे असं समजा, तिचं जेवण झाडावरच असतं. फळं, बिया, कोवळे कोंब, साल, किडे, फुलांतला मध, आणि हो, कधी पाखरांची अंडीसुद्धा. काटेसावर फुलली की आमच्या मागच्या बोळातल्या खारींची तोंडं परागांनी पिवळी झालेली असतात. मध चाटायला त्या फुलात डोकं खुपसतात. ते बघितलं की आपल्या चार शेंगांचं तिच्या आयुष्यात काय स्थान आहे ते कळतं.

पाणी मात्र रोज ठेवा. खाण्यापेक्षा पाणी महत्त्वाचं आहे, आणि मार्च ते जून या काळात तर नक्कीच. पसरट मातीचं परळ, पाणी दोन बोटं खोल, मध्ये एक दगड, म्हणजे पिल्लू पडलं तरी चढून येईल. रोज सकाळी नारळाच्या शेंडीनं घासून ताजं पाणी. साबण नको. तिसऱ्या-चौथ्या दिवशी पाणी बदलू असं करू नका, डास होतात आणि आजारी पक्ष्यांचं पाणी सगळ्यांना बाधतं. आमच्याकडे परळावर खार, बुलबुल आणि सातभाई एकामागोमाग येतात, आणि भर उन्हाळ्यात त्यांची भांडणंही होत नाहीत.

बघायचं कधी? उजाडल्यानंतरचा तास-दीड तास आणि ऊन उतरल्यावर. रात्री खार झोपते, तेव्हा रात्री कठड्यावर खुडबुड झाली तर ती खार नव्हे. दुपारी तिला शोधायची असेल तर आडव्या फांदीवर बघा. एप्रिलच्या उन्हात ती पोटावर पालथी पडते, चारी पाय दोन्ही बाजूंना लोंबते सोडून, हनुवटी फांदीवर टेकवून. पहिल्यांदा बघणारे लोक घाबरून मला फोन करतात की खार मेली. मेलेली नसते, अंगातली उष्णता गार सालीला देत असते.

आवाज ओळखायला शिका, त्यात फार मजा आहे. ती चिक् चिक् चिक् अशी एका लयीत ओरडते आणि प्रत्येक चिक् बरोबर शेपटी झटकते. खाली मांजर असेल तर ही लय दहा-दहा मिनिटं थांबत नाही, आणि तोंड कायम मांजराकडे असतं. तिच्या नाकाची दिशा धरून बघितलं की कुंड्यांमागचं मांजर तुम्हालाही दिसतं. ती बोक्याची सकाळ होऊन गेल्यावर मी हा आवाज कधी दुर्लक्षिला नाही. वरून शिक्रा आला तर उलट होतं: सगळं चिडीचूप. खार फांदीच्या खालच्या बाजूला चिकटून बसते, शेपटीसुद्धा हलवत नाही, आणि शिक्रा जाऊन पाच मिनिटं झाली तरी तशीच. सातभाईंचा थवा जमिनीवर पाला उलटत असला की खार खुशाल त्यांच्यात खाली उतरते. एवढ्या डोळ्यांचा पहारा असतो ना. आणि झाडावरून उतरताना तिचे मागचे पाय बघा. डोकं खाली असताना मागचे पंजे घोट्यात मागे वळतात आणि नखं सालीत अडकतात, म्हणून ती उलटी लटकून दोन्ही हात मोकळे ठेवून खाऊ शकते. मांजराला हे जमत नाही. ते झाडावरून पाठमोरं, घसरत उतरतं.

तुमची खार कोणती तेही बघून ठेवा. पाठीवर रामानं बोटं फिरवली ही गोष्ट सगळ्यांना माहीत आहे, पण बोटं मोजणारे थोडे. पाठीवर तीनच पांढरे पट्टे असतील तर ती तीनपट्टी. त्याशिवाय दोन्ही कुशींवर एकेक फिकट पट्टा असेल तर पाचपट्टी. महाराष्ट्रात दोन्ही आहेत. उत्तर भारतात पाचपट्टी जास्त, दक्षिणेत तीनपट्टी. आमच्या परसातल्या तीनपट्टी आहेत. घाटातल्या दाट झाडीत आणखी एक गडद रंगाची जंगली खार असते, ती माणसांत फारशी रमत नाही. ऑस्ट्रेलियात पर्थला कुणी मराठी माणसं राहत असतील आणि तिथे अंगणात पट्ट्यांची खार दिसली तर चकित होऊ नका. ती आपलीच पाचपट्टी आहे, १८९८ च्या सुमारास तिथे नेऊन सोडलेली. अमेरिकेतली करडी खार मात्र वेगळी. ती थंडीसाठी बिया पुरून ठेवते आणि तिथले नियम, सवयी निराळ्या, तेव्हा माझं हे सगळं तिला लावू नका.

आणि शेकरू. भीमाशंकरला गेलात तर शेकराला प्रसादाचा पेढा, केळं, वेफर्स दाखवू नका, कितीही जवळ आलं तरी. आपल्या राज्याचा प्राणी आहे तो; शेपटीसकट जवळजवळ तीन फूट लांब आणि सहसा झाडावरून खाली न उतरणारा. त्याला पार्किंगपर्यंत उतरायला शिकवणं म्हणजे कुत्र्यांच्या तोंडी देणं. पायरीवरच्या माझ्या खारीचंच ते मोठं रूप होईल. दुर्बीण न्या, पाऊण तास एका झाडाखाली बसा, दिसतं.

शेजाऱ्यांची तक्रार खोटी नाही. खार केबल कुरतडते, चिकू-पेरू अर्धे खाऊन टाकते, नारळाच्या कोवळ्या फळांना भोकं पाडते. कोकणात नारळ-कोकोच्या बागा असणाऱ्यांना तिचं कौतुक सांगायला जाऊ नये, त्यांचं खरोखर नुकसान होतं. फ्लॅटमध्ये उपाय सोपा आहे. उघड्या केबलवर कडक प्लॅस्टिकचा किंवा धातूचा पाइप चढवून घ्या, खर्च तुम्ही करा, कारण खारीला गॅलरीत बोलावलंय तुम्ही. आणि तिच्या फिरण्याच्या वाटेवर नारळाची करवंटी किंवा जाड सालीची सुकी फांदी बांधून ठेवा. आमच्याकडे करवंटी बांधल्यापासून डिशची केबल वाचली आहे. शेजाऱ्यांना एकदा सकाळी चहाला बोलावून बाजरीचं कणीस दाखवा, त्याचाही उपयोग होतो.

आता घरटं. काढू नका. एसी लावायची घाई असेल तरी काढू नका. काथ्या, कापूस, पायपुसण्याचे धागे नेत होती म्हणजे पिल्लं झाली आहेत किंवा होणार आहेत. बहुधा दोन किंवा तीन असतात. जन्मतात तेव्हा डोळे मिटलेले, अंगावर लव नाही, कपड्याच्या चिमट्याएवढी. नर काही मदत करत नाही, सगळं आईच करते. स्वतः खायला शिकून बाहेर पडेपर्यंत साधारण दोन महिने जातात. तेवढे दिवस ती खोली पंख्यावर चालवा. त्या काळात आईला शेंगा थोड्या वाढवल्या तरी चालेल, पण घरट्याजवळ ठेवू नका. खाणं बघून कावळे आणि वासानं मांजरं तिथवर येतात. एक काम मात्र आजच करा. गॅलरीतली नायलॉनची दोरी, प्लॅस्टिकच्या पोत्याचे धागे, मांजाचे तुकडे उचलून टाका. खार ते घरट्यात नेते आणि पिल्लांच्या पायात ते गुंततात. पिल्लू वाढतं, दोरा वाढत नाही. अशी दोन पिल्लं माझ्याकडे आली होती, एकाचा पाय गेला. त्याऐवजी सुटा कापूस आणि नारळाचा काथ्या गजावर लावून ठेवा. ती ओढून नेताना तोंडात एवढा मोठा गोळा धरते की पुढचं दिसतही नसेल, तरी उडी चुकत नाही.

पिल्लू खाली पडलंच, तर पहिली गोष्ट म्हणजे दूध पाजायचं नाही. गाईचं दूध त्यांना पचत नाही, आणि उताणं धरून थेंब घातले की ते फुप्फुसात जातात. दुसऱ्या दिवशी पिल्लू मरतं आणि आपण म्हणतो, दूध पाजलं होतं तरी गेलं. पिल्लू गार लागत असेल तर आधी ऊब द्या: मऊ सुती कापडात गुंडाळून, कोमट पाण्याची बाटली फडक्यात लपेटून शेजारी ठेवून. मग ते उघड्या खोक्यात घालून घरट्याच्या जास्तीत जास्त जवळ, सावलीत ठेवा आणि सगळे आत जा. माणसाचा हात लागला म्हणून आई घेत नाही हे खरं नाही. ती येते. तोंडात पिल्लाच्या पोटाची कातडी धरते, पिल्लू तिच्या मानेभोवती गोल वेटाळतं आणि ती गळपट्टा घातल्यासारखी भिंतीवरून वर जाते. हे मी पाच-सहा वेळा डोळ्यांनी पाहिलंय आणि प्रत्येक वेळी श्वास रोखून पाहिलंय. दिवसाउजेडी तीन-चार तास वाट बघूनही आली नाही, किंवा पिल्लाला जखम असेल, तर वनखात्याच्या १९२६ या क्रमांकावर कळवा. अशी पिल्लं सांभाळणारं जवळपास कुणी असेल तर ते पत्ता देतात. घरी पाळायला ठेवू नका. पिंजऱ्यातली खार बघून कुणाला आनंद होत असेल असं मला वाटत नाही.

पिल्लं बाहेर यायला लागली की काही दिवस सकाळी ऑफिसला थोडं उशिरा जाता येतंय का बघा. आधी युनिटच्या कडेनं फक्त नाक दिसेल. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पुढचे दोन पाय. मग एक दिवस पूर्ण पिल्लू पाइपवर येतं, शेपटी अजून बारीक, उंदरासारखी, आणि तिथंच थिजून बसतं. आई वरून एकदा चिक् करते. ते परत आत पळतं. असं तीन-चार दिवस चालतं. आईची पहिली शेंग ते हिसकावून घेतील तेव्हा ती त्यांना फोडता येणार नाही. उलटी-सुलटी फिरवतील, टोक चावतील, हातातून पडेल, खाली अंगणात जाईल, आणि तिघंही कठड्यावरून वाकून खाली बघत बसतील.